वजन उतरवण्याच्या लांब वाटेवर सोबतिणी: कोकणातल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन उतरवणाऱ्या बायकांच्या आमच्या गटात नव्याने येणाऱ्या बायका जे विचारतात, आणि जुन्या बायका वर्षभराने जे पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या स्वयंपाकघरांना धरून दिली आहेत. औषधपाण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

वजन माझं, मग गट कशाला हवा?

वजन एकटीचं असलं तरी चूल सगळ्या घराची असते. आपण सकाळी सगळ्यांचे डबे भरतो, उरलेलं टाकवत नाही म्हणून खातो, आणि स्वतःसाठी अर्धा तास काढायचा तर घरात चौघांना कारण सांगावं लागतं. "चालायला जाते" म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, "दिवसभर राबतेस, अजून चालायचं कशाला?" पण "वहिनी बाहेर थांबल्यात, जाऊन येते" म्हटलं की कोणी अडवत नाही. गटाचा पहिला उपयोग हा.

दुसरा उपयोग टिकण्याचा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोक एकटे आले होते आणि काही आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन आले होते. एकटे येऊन नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी उतरलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्ण टिकवलं. मैत्रिणींसोबत येऊन एकमेकांना आधार द्यायला शिकलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६६ टक्के होतं. तिथलं जेवण वेगळं, घरं वेगळी, पण सोबतीची गरज आपल्याकडे कमी नाही, उलट जास्तच आहे.

माझं वजन खरंच जास्त आहे का, हे कसं कळायचं?

शिवणकामाची टेप घ्या. बरगड्यांचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, घेर मोजा. ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंचांच्या) वर असेल तर लक्ष द्यायला हवं. भारतीय माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी मापं कडक धरतात. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा. उंची ५ फूट १ इंच असेल तर साधारण ५५ किलोपर्यंत ठीक, ६० च्या वर लठ्ठपणा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा फॉर्म आशाताई भरून घेते, त्यातही कमरेचा घेर विचारलेला असतो. ती घरी आली की "आमचं काय बघायचंय" म्हणून टाळू नका. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. गटात येण्याआधी हे दोन आकडे हातात असले की पुढचं सोपं जातं.

किती दिवसांत किती उतरेल?

सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरलं तर तुम्ही मोठं काम केलंत. ७० किलोच्या बाईसाठी ते साडेतीन ते पाच किलो होतात. ऐकायला थोडं वाटतं, पण शरीराला ते थोडं नसतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गुडघे, धाप, घोरणं हेही एवढ्यावरच हलकं होऊ लागतं.

महिन्यात दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आम्ही वर्षांचा हिशोब धरून चालतो.

चार महिने झाले, आता काटा हलतच नाही. माझं काही चुकतंय का?

बहुधा नाही. हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त बायका गळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वजन घटलं की शरीराला रोजची ऊर्जा कमी लागते, कारण वाहून न्यायचं ओझंच कमी झालेलं असतं. त्यातून शरीर समजतं की दुष्काळ पडला. भूक लावणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचं सांगणारी कमी होतात. ऑस्ट्रेलियात २०११ साली झालेल्या एका अभ्यासात वजन उतरल्याला वर्ष होऊन गेलं तरी ही संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. म्हणजे वर्षानंतरही तुम्हाला आधीपेक्षा जास्त भूक लागत असेल, तर त्यात मनाचा कमकुवतपणा नाही. शरीर आपलं काम करतंय.

अशा वेळी आम्ही काट्याऐवजी दुसऱ्या गोष्टी बघतो. ब्लाउजची शिवण आत घ्यावी लागली का? देवळाची पाखाडी चढताना मध्ये थांबावं लागलं का? रक्तदाबाचा आकडा काय म्हणतो? आमच्यातल्या एका काकूंचं वजन कितीतरी महिने जागचं हललं नाही, पण त्या एक दिवस विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन न थांबता घरापर्यंत आल्या. त्या दिवशी गटात सगळ्यांनी त्यांचंच कौतुक केलं.

तेल, साखर, सटरफटर खाणं हळूहळू परत वाढलंय का, हेही प्रामाणिकपणे बघावं. आठवडाभर वहीत सगळं लिहायचं आणि ती वही एका मैत्रिणीनेच बघायची, सगळ्या गटाने नव्हे.

भात सोडावा लागेल का?

नाही. कोकणात भात सोडायला सांगणारी कुठलीही योजना गणपतीपर्यंतही टिकत नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात. अडचण भाताच्या डोंगराची आहे. त्यात आमटीचं पाणी कालवलं की तो न चावता, भराभर पोटात जातो. आमच्यातल्या बायका ताट उलट्या क्रमाने वाढतात: आधी भाजी, मग मासा किंवा कुळथाची पिठी किंवा घट्ट डाळ, आणि उरलेल्या जागेत एक वाटी मोजून भात. दुसऱ्यांदा हवा असेल तर जरा थांबून घ्यायचा. सगळ्या घरालाच असं वाढलं तर "हिचं वेगळं चाललंय" असं कोणी म्हणत नाही.

नाचणीची भाकरी खाल्ली की वजन उतरतं हा मोठा गैरसमज आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, तंतू असतात, पोट बराच वेळ भरलेलं राहतं, सगळं खरं. पण धान्य म्हणून कॅलरी तांदळाच्या जवळपासच असतात. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर त्या तीनच मोजायच्या. उकड्या तांदळाचंही तसंच. पेज मात्र सकाळी जरूर घ्या, सोबत उसळ किंवा अंडं असू द्या. नुसती पेज आणि लोणचं घेतलं की अकरा वाजता परत भूक लागते आणि हात खारी-टोस्टच्या डब्याकडे जातो.

आणि नारळ? मासे? ते तर आमचं रोजचंच.

मासे तुमची ताकद आहेत. बांगडा, तारली, पेडवे यांच्यात भरपूर प्रथिनं आणि चांगली चरबी असते, आणि प्रथिनांनी पोट धरून राहतं. सुरमई-पापलेट परवडलं नाही म्हणून काही बिघडत नाही. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून दिवसाला किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं हवीत. शाकाहारी घरात ती चवळी, कुळीथ, कडवे वाल, मूग, ताक-दही यांतून भरून काढावी लागतात, आणि त्यासाठी आमटी डाळ जास्त घालून घट्ट करावी लागते.

घोळ तव्यावर होतो. तांदळाचं पीठ किंवा रवा लावून बांगडा तव्यात सोडला की ते आवरण तेल शोषतं. मग बाजूने पुन्हा तेल सोडायचं, उलटल्यावर पुन्हा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि चौघांचे मासे तळताना असे किती चमचे गेले ते आपण कधी मोजत नाही. आम्ही एक साधा उपाय केला. दर महिन्याला तेलाची पिशवी फोडली की त्यावर तारीख लिहायची आणि किती दिवस पुरली ते गटात सांगायचं. वजन सांगायला लाजणाऱ्या बायका हे मोकळेपणाने सांगतात. एकीने तिखटमीठ-आगळ लावून केळीच्या पानात बांगडे भाजले, तर दुसरीने तिरफळं घालून सुकं केलं. तळणं बंद करा असं कोणी म्हणालं नाही. ते रविवारपुरतं राहिलं.

ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी असतात. नारळ घरचाच असतो, त्यामुळे हात सढळ राहतो. वाटण करा, पण चौघांच्या आमटीला अर्धा नारळ लागत असेल तर हळूहळू पाव नारळावर या आणि घट्टपणासाठी कांदा भाजून वाटा. त्याच दिवशी भाजीवरही खोबरं, चटणीतही खोबरं आणि वर सोलकढी, असं चारही बाजूंनी नको. कोकमाचं साधं सार कधीही चालतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सुके बांगडे, खारं बाहेर येतं. त्यात मीठ फार असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ते पाण्यात भिजवून, पाणी टाकून, थोडंच घ्यावं. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवग्याचा पाला दारातच उगवतो. रानभाजी हा आपला पावसाळ्यातला खजिना आहे, फक्त खोबऱ्याखाली पुरू नका.

आंबे-काजूच्या दिवसांत काय करायचं?

आंबा कापून, जेवणानंतर नव्हे तर चारच्या चहाच्या जागी, एक खा. आमरसात किती आंबे गेले ते कळत नाही, वर साखर पडते. मूठभर काजूंत साधारण १६५ कॅलरी असतात, आणि काजूबिया सोलायला बसल्यावर फुटलेले तुकडे तोंडात टाकत राहिलं तर त्या मुठी किती झाल्या ते कोण मोजणार? फणसाचे गरे मोजून. कच्च्या फणसाची भाजी खुशाल.

गणपतीत आणि शिमग्यात सगळं बिघडतं. मग?

बिघडतं, आणि तेवढं बिघडू द्यायचं असतं. चाकरमानी आलेले, घरात पंधरा माणसं, पहाटेपासून मोदकांची उकड मळतोय, त्या वेळी "मी मोदक खात नाही" म्हणणाऱ्या बाईला आनंद कसला? उकडीचे मोदक तूप घालून खा. आमच्यात ठरलेलं आहे की गणपतीपासून विसर्जनानंतरच्या आठवड्यापर्यंत कोणी वजन करायचं नाही. सणात साचलेलं पाणी आणि मीठ काट्यावर दिसतं आणि उगाच धीर सुटतो.

त्याऐवजी दोन गोष्टी पाळतो. गौरीच्या रात्री फुगड्या घालायला प्रत्येकीने यायचंच. फुगडी-झिम्म्याने दम किती निघतो ते ज्यांनी घातलीय त्यांना सांगायला नको. आणि पाहुणे परतले की उरलेली मिठाई, फरसाण दुसऱ्याच दिवशी वाटून टाकायचं. सणाच्या चार जेवणांपेक्षा डब्यातली ती शिल्लक जास्त नडते, कारण पुढचे पंधरा दिवस ती एकटी बाईच संपवते.

शिमग्याला पालखी घरी येते तेव्हाही हेच. पालखीमागे वाडीवाडीत फिरणं हे चालणंच आहे.

उपवासाने वजन उतरतं ना?

साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याच्या लाडवांनी उतरत नाही. उपवास श्रद्धेने करा. वरीचे तांदूळ, ताक, फळं, रताळं उकडून घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

दिवसभर काम करते, वेगळं चालायचं कशाला? आणि पावसात चालायचं कुठे?

काम खूप आहे, कोणी नाकारत नाही. पण आपल्या आज्यांनी भात सडला, पाट्यावर वाटलं, रहाटाने पाणी काढलं. आता मिक्सर आहे, पंप आहे, गॅस आहे, आणि ते असायलाच हवं. राहिलं ते बसून किंवा उभं राहून करायचं काम. काजूच्या कारखान्यात किंवा शिवणाच्या मशीनवर दिवसभर बसणारी बाई दमते खूप, पण तिचं हृदय जोरात धावत नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्यासोबत दोन दिवस ताकदीचे व्यायाम: ओटीच्या पायरीवर चढ-उतार, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं.

पावसात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ येतं आणि एक घसरण सहा महिने घरी बसवते, म्हणून जून ते सप्टेंबर पाखाडी बंद. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा मोठ्या घराची पडवी, जिथे छप्पर मिळेल तिथे फेऱ्या मारतो. भजनाच्या कॅसेटवर पाय हलवले तरी चालतात.

गटात सगळ्यांसमोर वजन सांगावं लागतं का?

अजिबात नाही. वजन आठवड्यातून एकदा, एकटीने करायचं आणि वहीत लिहायचं. हवं असेल तर आपल्या जोडीदारणीला, म्हणजे गटात आपल्याशी जोडी लावलेल्या मैत्रिणीला, दाखवायचं. कोणाच्या अंगाबद्दल, खाण्याबद्दल टोमणा मारायचा नाही, हसत हसतही नाही. "सुटलीस" हा शब्द आमच्यात चालत नाही. एकीचं भराभर उतरतं आणि दुसरीचं नाही, तेव्हा मनात येतं ते येतंच. ते जोडीदारणीला बोलून मोकळं व्हावं. वय, बाळंतपणं, झोप, गोळ्या, सगळ्यांचं वेगळं असतं.

एखादी यायची बंद झाली तर?

तिच्याकडे जायचं. माझ्या मते गटाचं खरं काम इथून सुरू होतं, बाकीचं कुठल्याही पुस्तकात मिळेल.

न येण्याची कारणं ती सांगेल ती वेगळी असतील: पाहुणे होते, सासूबाईंना बरं नव्हतं, आंब्याचं काम होतं. ती खरीही असतात. पण त्याखाली बऱ्याचदा एकच गोष्ट असते. वजन परत चढलेलं असतं आणि ते आपल्याला दिसेल याची तिला लाज वाटत असते. म्हणून "का येत नाहीस?" हा प्रश्न विचारायचा नाही.

आमच्यातली एक वहिनी अशीच दिसेनाशी झाली. आम्ही दोघी तिच्याकडे गेलो तेव्हा ती खळ्यात सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. आम्हाला बघून पदर पोटावर ओढून घेतला. आम्ही काही न बोलता बाजूला बसलो आणि कचरा, बारीक खेकडे, काड्या वेचायला लागलो. हाताला तो वास, मध्ये मध्ये कोंबड्या हाकलणं, मुलांच्या परीक्षेच्या गप्पा. निघताना एवढंच म्हटलं, "उद्या सहाला शाळेकडून निघतोय." त्या उद्याला ती आली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. काही दिवसांनी ती स्वतःच शाळेजवळ उभी होती आणि कोणी तिला काही विचारलं नाही.

प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली असावी ती याचसाठी. दोनदा आली नाही की जोडीदारणीने घरी जायचं, फोनवर भागवायचं नाही.

घरचे आणि शेजारी बोलतात त्याचं काय करू?

आधी "जाडी झालीस" म्हणतात आणि उतरल्यावर "काय गो, किती वाळलीस, बरं नाही का?" असं विचारतात. दोन्हींना एकच उत्तर द्या: "तब्येत चांगली आहे, साखर तपासून घेतलीय." सासूबाईंना विरोधात घेण्यापेक्षा गटात घ्या. गुडघे त्यांचेही दुखतात. नवऱ्याला हळूहळू सांगा की हे तुमच्या दिसण्यासाठी नसून तुम्हाला पुढची तीस वर्षं चालतं-फिरतं राहायचंय.

थायरॉईड, पीसीओएस, पाळी जाणं, बाळंतपण. अशांचं काय?

थायरॉईडची गोळी नियमित घेतली आणि पातळी ताळ्यावर असली तर वजन उतरतं, फक्त सावकाश. पीसीओएसमध्ये (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास) ५ टक्के वजन उतरलं तरी पाळी सुधारू शकते. पाळी जाण्याच्या काळात चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा ताकदीचे व्यायाम सोडू नका. गरोदरपणी वजन उतरवायचा प्रयत्न करायचा नाही. अंगावर पाजत असाल तर उपाशी राहू नका. काही न करता वजन भराभर उतरत असेल, छातीत दुखत असेल, खूप तहान किंवा सतत थकवा असेल, तर गटात नाही, दवाखान्यात जा.

पावडर, बारीक करणारा चहा, इंजेक्शनं?

ओळखीची कोणी पावडरचे डबे विकत असेल तर नाही म्हणणं जड जातं, म्हणून गटात एकच नियम आहे: इथे कोणी काही विकायचं नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं २०२५ पासून वजनासाठी भारतात मिळू लागली. ती खरी औषधं आहेत, काहींना त्यांची गरजही असते, पण डॉक्टरांनी तपासून दिली तरच. सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आलं. जी बाई ते घेते तिला "सोपी वाट धरलीस" असं कोणी म्हणायचं नाही, आणि तिनेही चालणं-जेवण सोडायचं नाही.

वजन उतरलं. आता गट सोडला तर चालेल?

सोडू नका, निदान दोन वर्षं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी १३ किलोंहून जास्त वजन उतरवून वर्षभर तरी टिकवलं. त्यांच्यात बरेच जण नाश्ता चुकवत नाहीत, आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज तासभर हालचाल करतात. उतरवण्यापेक्षा टिकवायला जास्त मेहनत लागते आणि टाळ्या कमी मिळतात. शिवाय नवी आलेली बाई तुमच्याकडे बघूनच थांबते.

आमच्या वाडीत असा गट सुरू करायचा आहे. कशी सुरुवात करू?

तिघी-चौघी पुरे. बचत गट असेल तर त्याच्या मासिक बैठकीनंतरची वेळ धरा, बायका आधीच जमलेल्या असतात. आशाताईंना एकदा बोलवा. वर्गणीतून एक वजनकाटा आणि एक टेप घ्या. काटा सारवलेल्या जमिनीवर किंवा उंचसखल जांभ्यावर ठेवला तर आकडा चुकतो. लादीची एक सपाट जागा ठरवून तिथेच, सकाळी, न जेवता वजन करा. पहिल्या महिन्यात खाण्यात काही बदलू नका, फक्त लिहा आणि चाला. जोडीदारणी ठरवताना शेजारशेजारच्या घरातल्या घ्या, म्हणजे पावसातही एकमेकींच्या दारात जाता येतं.